रविवारचा डाव मंगळवारी: अमेरिकन फुटबॉलचा कोच त्या मोठ्या कागदावर काय लिहून आणतो?

रेघोट्या (सोमवार, रात्री)

सासरे नाशिकहून तीन महिन्यांसाठी आलेत. काल मी सोफ्यावर फुटबॉल (अमेरिकन, लाथेचा नव्हे) लावून बसलो, तर तेही शेजारी येऊन बसले. पाऊण तास एक अक्षर बोलले नाहीत. मग म्हणाले, "जावईबापू, तो कडेचा माणूस उडप्याकडचं मेन्यूकार्ड घेऊन का उभाय? आणि बोलताना ते तोंडावर का धरतोय?"

उत्तर द्यायला दोन कप चहा आणि उरलेला सामना गेला. म्हटलं, एवढं बोललोच आहे तर इथे लिहून टाकू.

नियम थोडक्यात. अकरा विरुद्ध अकरा. पुढे सरकायला चार प्रयत्न, त्यांना डाउन म्हणतात. चार डाउनमध्ये दहा यार्ड काटायचे. यार्ड म्हणजे आपला वार. बाबांच्या हे लगेच डोक्यात बसलं: नऊवारीहून एक वार जास्त. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांना.

एक डाव पाच-सहा सेकंदांत आटोपतो आणि पुढच्यासाठी चाळीस सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात कोचने डाव निवडायचा, क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणारा, डावाचा सूत्रधार) हेल्मेटमधल्या स्पीकरवर सांगायचा, क्वार्टरबॅकने घोळका करून बाकी दहा जणांना सांगायचा, सगळ्यांनी जागा घ्यायच्या, आणि मग त्याने समोरचा डिफेन्स बघून घ्यायचा. त्यातही घड्याळात पंधरा सेकंद उरले की हेल्मेटमधला आवाज आपोआप बंद. म्हणजे कोचच्या हाती पंचवीसच सेकंद. प्लेबुकात डाव शेकड्यांनी असतात. त्यातून तेव्हा निवडायला बसणं म्हणजे पाहुणे पाटावर बसल्यावर पाककृतीचं पुस्तक उघडणं.

म्हणून निवड आधीच झालेली असते. हातातला कागद ही त्या निवडीची यादी. आणि तोंड झाकायचं कारण, ओठ वाचणारे समोर बसलेले असतात.

ही पद्धत रूढ करणारा माणूस बिल वॉल्श. १९७०च्या सुमारास तो सिनसिनाटी बेंगल्सकडे सहायक होता, मुख्य कोच पॉल ब्राउन. सामन्याआधी ब्राउन विचारायचा, सुरुवातीला काय काढणार आहेस? उत्तर तयार असावं म्हणून वॉल्श पहिले चार-सहा डाव लिहून ठेवायला लागला. यादी वाढत गेली. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचा तो १९७९ ते १९८८ मुख्य कोच होता, तेव्हा ती पंचवीस डावांपर्यंत गेली होती. त्या दहा मोसमांत तीन सुपर बोल, म्हणजे मोसमाचे अंतिम सामने, जिंकले. स्टेडियम ओरडत असताना, दोन टचडाउननी (टचडाउन म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेणं) मागे असताना डोकं जेवढं चालतं, त्याहून ते आदल्या रात्री बंद खोलीत जास्त चालतं, एवढाच त्याचा मुद्दा.

आता इथे सगळे फसतात. बाबाही फसले. "म्हणजे पाठ करून आलेत आणि म्हणून दाखवतायत?" नाही. पहिले पंधरा-वीस डाव हे बरेचसे प्रश्न असतात. दोन रिसीव्हर (पास झेलणारे) एका बाजूला उभे केले तर तुमचा सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, कुठे सरकतो? एकाला डावीकडून उजवीकडे चालवत नेला तर त्याच्यामागे कोणी धावतो, की सगळे जागच्या जागी एक पाऊल सरकतात? वर काचेच्या खोलीत बसलेले सहायक ही उत्तरं टिपत असतात. मध्येच तिसरा डाउन आणि नऊ यार्ड अशी वेळ आली की यादी बाजूला ठेवायची, त्या प्रसंगाचा डाव काढायचा, आणि मग परत यादीवर यायचं.

एक उदाहरण देतो आणि थांबतो. १० जानेवारी १९८२, फोर्टीनायनर्स विरुद्ध डॅलस काउबॉइज, कॅन्डलस्टिक पार्क. सामन्याच्या सुरुवातीला वॉल्शने 'स्प्रिंट राइट ऑप्शन' काढला: क्वार्टरबॅक जो मॉन्टॅना उजवीकडे धावत जाणार आणि फ्रेडी सॉलोमनला पास देणार. टचडाउन. शेवटचं मिनिट, २७-२१ मागे, तिसरा डाउन, चेंडू गोलरेषेपासून सहा यार्डांवर. पुन्हा तोच डाव. या वेळी सॉलोमनचा पाय घसरला, मॉन्टॅनाच्या अंगावर तिघे आले, आणि त्याने मागच्या कडेला उंच फेकलेला चेंडू ड्वाइट क्लार्कने बोटांच्या टोकांवर झेलला. २८-२७. 'द कॅच' म्हणून लोकांना तो झेल आठवतो. मला दर वेळी हे आठवतं की सॉलोमन बंद झाला तर मागे क्लार्क आहे, हे त्या डावात आधीपासून लिहिलेलं होतं.


खारे_दाणे (सोमवार, मध्यरात्र)

धागा आवडला. थोडी भर टाकतो, कारण हा कागद कुठल्या भटारखान्यात शिजतो ते मी पाहिलंय.

एमएस करताना दोन सेमिस्टर विद्यापीठाच्या फुटबॉल टीमच्या व्हिडिओ खोलीत तासावर काम केलं. विद्यापीठाचं नाव विचारू नका. फुटबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. एक्सेल येतं म्हणून घेतलं. काम असं: पुढच्या आठवड्यात ज्यांच्याशी सामना आहे त्यांचे मागचे चार-पाच सामने. प्रत्येक डावाची वेगळी क्लिप, एक कडेने आणि एक गोलपोस्टच्या मागून. प्रत्येक क्लिपसमोर रकाने भरायचे. कितवा डाउन, किती यार्ड हवेत, चेंडू मैदानाच्या डाव्या खुणेवर की उजव्या, ऑफेन्सची कुठली माणसं उतरली, डिफेन्स कसा उभा राहिला, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसांची धाड) आला का, कुठून आला. एका सामन्यात दोन्हीकडचे मिळून सव्वाशे-दीडशे डाव. पहिल्या आठवड्यात माझ्या स्वप्नात रकाने यायचे.

माणसांचा आकडा हा पहिला धडा. '११' म्हणजे अकरा खेळाडू नव्हेत. पहिला आकडा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे) किती, दुसरा टाइट एंड (फळीच्या टोकाचे धिप्पाड, अडवतातही आणि झेलतातही) किती. ११ म्हणजे एक आणि एक, मग उरले तीन वाइड रिसीव्हर. १२ म्हणजे एक रनिंग बॅक, दोन टाइट एंड, दोन रिसीव्हर. डिफेन्सचा कोच मैदानात कोण धावत आलंय ते मोजूनच आपली माणसं बदलतो. त्यामुळे डाव निवडण्याआधी 'कोणाला उतरवलं की समोरून कोण उतरतं' हा हिशोब असतो.

सगळे रकाने भरून झाले की गाळण्या लावायच्या. तिसरा डाउन, सात ते दहा यार्ड, आपल्या बाजूच्या मैदानात: ही मंडळी काय करतात? दर सामन्यात तेच करत असतील तर कोचच्या चेहऱ्यावर मांजराला दुधाचं पातेलं दिसल्यासारखं हसू.

एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, आठवडा साधारण असा: सोमवारी कालच्या सामन्याची चिरफाड. मंगळवारी खेळाडूंना सुटी आणि कोच मंडळी रात्री उशिरापर्यंत खोलीत. बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनचे डाव मैदानावर बसवायचे, गुरुवारी तिसऱ्या डाउनचे, शुक्रवारी गोलरेषेजवळच्या वीस यार्डांतले, ज्याला रेड झोन म्हणतात. शनिवारी हेल्मेटशिवाय चालत-चालत उजळणी आणि रात्री क्वार्टरबॅकबरोबर बसून यादीवर शेवटचा हात. कागदावर प्रत्येक प्रसंगाचा वेगळा चौकोन असतो, तेही त्याच क्रमाने तयार होतात. धागाकर्त्याने शीर्षकात 'मंगळवारी' लिहिलंय ते अगदी नेमकं आहे.

आणि एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. आम्ही आपल्या स्वतःच्या टीमचेही रकाने भरायचो. आपण अमुक रचनेतून नेहमी पळतोच का? समोरच्या विद्यापीठातही कोणी तरी देसी पोरगा तासावर बसून हेच मोजतोय, हे गृहीत धरायचं. अशी खोड सापडली की पुढच्या सामन्यात त्याच रचनेतून मुद्दाम पास ठेवायचा.


तानपुरा_जुळवा (मंगळवार, सकाळी)

फुटबॉलमधलं शून्य कळतं, पण हे तर बैठकीसारखं झालं. गवई कुठला राग, कुठली बंदिश ते ठरवून येतो. पहिल्या दहा मिनिटांत तबलजी कसा आहे, समोरचे कान कसे आहेत ते जोखतो. मग पुढचं ठरतं.


अर्धीमिशी (मंगळवार, सकाळी)

@तानपुरा_जुळवा, फरक एवढाच की बैठकीत समोरचे श्रोते गवयाला उताणा पाडायला धावून येत नाहीत. (काही बैठकींना यायला हवे होते, ते सोडा.)

मूळ मुद्द्यावर येतो. एवढं मंगळवारी ठरवून सीहॉक्सने काय दिवे लावले? १ फेब्रुवारी २०१५, सुपर बोल, पेट्रियट्स २८, सीहॉक्स २४. गोलरेषा एक यार्डावर. एक! दुसरा डाउन, २६ सेकंद बाकी, हाताशी मार्शॉन लिंचसारखा पळणारा रेडा. त्याला चेंडू द्यायचा सोडून पास फेकला आणि माल्कम बटलरने तो अडवून खिशात घातला. कागदाचं भेंडोळं करून कोचच्याच डोक्यात घालायला हवं होतं.


रेघोट्या (मंगळवार, दुपारी)

@अर्धीमिशी, हा विषय निघणार हे माहीतच होतं. :)

भावना बाजूला ठेवून घड्याळ बघा. २६ सेकंद, तीन डाउन शिल्लक, पण टाइमआउट एकच. पळण्याचा डाव फसला की घड्याळ चालूच राहतं. म्हणजे लिंच पळाला आणि अडला, तर टाइमआउट घ्यायचा. परत पळाला आणि अडला, तर सगळे ढिगाऱ्यातून उठून परत रांगेत उभे राहीपर्यंत वेळ संपण्याची भीती. पास खाली पडला की घड्याळ थांबतं. म्हणून तीनही प्रयत्न मिळवायचे असतील तर त्यातला एक पास हवाच. प्रश्न फक्त कितव्यांदा, एवढाच. शिवाय सीहॉक्सनी तीन रिसीव्हर उतरवले होते आणि समोर पेट्रियट्सनी गोलरेषेवरची धिप्पाड माणसं उतरवली. सीहॉक्सचा कोच पीट कॅरल याचा हिशोब असा की या जोडीवर एक पास वाया घालवू, मग दोनदा पळू. त्या मोसमात एक यार्डावरून फेकलेला एकही पास तोवर समोरच्याने अडवून घेतला नव्हता.

निर्णय वाईट होता असं मला वाटत नाही. निवडलेला पास मात्र वाईट होता. गर्दीच्या मधोमध, तिरका, झटपट. कोपऱ्यात उंच फेकला असता तर फार तर खाली पडला असता.


खारे_दाणे (मंगळवार, दुपारी)

आणि यातली गंमत अशी की तो डाव पेट्रियट्सच्याही कागदावर होता. सीहॉक्स गोलरेषेजवळ दोन रिसीव्हर एकामागे एक उभे करून हा पास खेळतात, हे त्यांच्या टेप बघणाऱ्यांना माहीत होतं. त्या आठवड्याच्या सरावात त्यांनी तो करून बघितला. सरावात बटलरला उशीर झाला होता आणि त्याच्यावर टचडाउन बसलं. सामन्यात ब्रँडन ब्राउनरने पुढच्या रिसीव्हरला जागीच दाबून धरलं आणि बटलर आधीच सुटला.


अर्धीमिशी (मंगळवार, दुपारी)

घड्याळ, टेप, सराव, सगळं मान्य. तरी लिंचलाच द्यायचा होता.


शुक्रवारची_आई (मंगळवार, रात्री)

मी टेक्सासात असते. आमच्याकडे शुक्रवारी रात्री हायस्कूलचा सामना असला की गावातली दुकानंसुद्धा लवकर बंद होतात. माझा धाकटा टीममध्ये आहे. खेळत नाही. हातवारे करतो. हसू नका, ते मोठं काम आहे!

एनएफएलसारखे हेल्मेटमध्ये स्पीकर या मुलांना नाहीत. वर खोलीत बसलेला कोच हेडसेटवरून खाली सांगतो, आणि कडेला तीन मुलं उभी राहून एकाच वेळी हातवारे करतात. कान ओढ, कोपराला हात लाव, पोटावरून हात फिरव. तिघांपैकी एकाचेच खरे, बाकी दोघांचे सोंग. कोण खरा ते दर क्वार्टरला, म्हणजे सामन्याच्या पाव भागाला, बदलतं. माझा मुलगा घरी आरशासमोर सराव करायचा. आजीने फोनवर काळजीने विचारलं, "अगं, त्याला अंगावर काही उठलंय का?"

दुसरा प्रकार मनगटावरच्या पट्टीचा. तिच्यात प्लास्टिकच्या खिडकीखाली बारीक अक्षरांचा तक्ता: एक ते चाळीस आकडे आणि प्रत्येकासमोर डाव. कोच नुसता आकडा ओरडतो. दर आठवड्याला आकडे बदलायचे, नाही तर समोरच्यांना पाठ होतात. मागच्या मोसमात एकदा डाव्या बाजूच्या दोन मुलांच्या पट्टीत आदल्या आठवड्याचाच कागद राहून गेला. कोच ओरडला, "चोवीस!" नऊ जण उजवीकडे पळाले. आमचे दोघे शिस्तीत डावीकडे, आणि त्यांच्यामागे समोरचे तिघे! त्या डावात आम्हाला अठरा यार्ड मिळाले. कोचला कळेना की रागवावं की शाबासकी द्यावी. पुढच्या शुक्रवारपासून पट्ट्या तपासायचं काम माझ्या मुलाकडे आलं.

अवांतर: सामन्याच्या आदल्या रात्री पालकांनी टीमला जेवू घालायची पद्धत आहे. मी साठ मुलांना पावभाजी केली. त्यांनी भाजी पावात भरून बर्गरसारखी खाल्ली. आता दर वर्षी तेच हवं असतं.


रेघोट्या (मंगळवार, रात्री)

@शुक्रवारची_आई, ताई, अठरा यार्डांवर दंडवत!

हातवाऱ्यांवरून आठवलं. २०२३मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या टीमवर समोरच्यांचे हातवारे आधीच चोरून टिपून ठेवल्याचा आरोप झाला आणि मोठा गदारोळ उठला. २०२४पासून कॉलेजच्या वरच्या पातळीवर हेल्मेटमधल्या स्पीकरला परवानगी मिळाली. एनएफएलमध्ये ती १९९४पासून आहे. पण कल्पना त्याहून कितीतरी जुनी आणि पुन्हा पॉल ब्राउनचीच. १९५६मध्ये त्याने क्लीव्हलँडच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे जॉर्ज रॅटरमनच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवला. थोड्याच दिवसांत लीगने बंदी घातली. मग ब्राउन परत आपल्या जुन्या पद्धतीवर आला: दोन गार्ड आलटून पालटून आत-बाहेर, आत जाणारा डाव कानात घेऊन जाणार. त्या निरोप्यांपैकी एक चक नोल. पुढे तो पिट्सबर्ग स्टीलर्सचा कोच झाला आणि चार सुपर बोल जिंकला.

त्या काळात बाकी बहुतेक ठिकाणी क्वार्टरबॅकच डाव ठरवायचा. १९५८च्या अंतिम सामन्यात बाल्टिमोरचा जॉनी युनायटस घोळक्यात स्वतःच सांगत होता. आता तसं पूर्णपणे कोणीच करत नाही. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग रांगेत उभा राहून अर्धा डाव बदलायचा, पण तोही बरोबर घेतलेल्या दोन-तीन पर्यायांतून.


पाटावरवरवंटा (बुधवार, सकाळी)

वाचतेय, मजा येतेय. एक बाळबोध प्रश्न. नवरा सामना बघताना 'स्पायडर टू वाय बनाना' असं काही तरी बरळत असतो. हे खरंच डावाचं नाव आहे की बिअरचा परिणाम?


खारे_दाणे (बुधवार, दुपारी)

खरंच आहे. कोच जॉन ग्रूडनमुळे सगळ्यांच्या तोंडी बसलं. 'स्पायडर टू' म्हणजे पुढच्या फळीने क्वार्टरबॅकला कसं सांभाळायचं ते. पळण्याचं सोंग करून मग पास. 'वाय' म्हणजे टाइट एंड. 'बनाना' म्हणजे त्याने केळ्यासारखं वळण घेत कोपऱ्याकडे जायचं. याच्याआधी रचनेचं नाव, म्हणजे कोण कुठे उभा, तेही लागतं. वॉल्शच्या घराण्यात प्रत्येकाचं काम नावातच सांगायची रीत, म्हणून नावं मारुतीच्या शेपटीसारखी.

दुसरं घराणं कोच डॉन कोरिएलचं. तिथे रिसीव्हरच्या धावण्याच्या वाटांना शून्य ते नऊ आकडे. तीन आकडे ओरडले की तीन रिसीव्हरांना आपापली वाट कळली. आटोपशीर. तिसरं एरहार्ट आणि पर्किन्स यांचं, १९७०च्या दशकात पेट्रियट्सकडे घडलेलं. तिथे अख्ख्या आकृतीलाच एक शब्द. माणसं कुठलीही असोत, कुठेही उभी असोत, सर्वांत बाहेरच्याने हे करायचं, त्याच्या आतल्याने ते. म्हणून घोळका न करता भरभर खेळायचं असेल तेव्हा ही भाषा सोयीची.


पाटावरवरवंटा (बुधवार, दुपारी)

घराणी म्हटल्यावर तानपुरावाल्यांना गुदगुल्या झाल्या असतील.


अर्धीमिशी (बुधवार, रात्री)

कागदाचं एवढं कौतुक चाललंय तर दुसरी जखम उघडतो. ५ फेब्रुवारी २०१७. अटलांटा फाल्कन्स २८, पेट्रियट्स ३. तिथून हरले! फाल्कन्सचे डाव ठरवणारा काइल शनहन कागद घेऊन उभाच होता.


रेघोट्या (बुधवार, रात्री)

यावर मात्र भांडणार नाही, कारण इथे मी तुमच्या बाजूचा आहे.

२८-२० असताना, पाच मिनिटांहून कमी वेळ उरलेला असताना, फाल्कन्सच्या हूलियो जोन्सने कडेला अशक्य वाटणारा झेल घेतला. चेंडू पेट्रियट्सच्या २२ यार्डांवर. तिथून तीनदा नुसतं जमिनीवर लोळले असते तरी फील्ड गोल (लाथेने चेंडू गोलपोस्टमधून) टप्प्यात होता, आणि तीन गुण मिळाले की अकराचा फरक, जो एका फटक्यात भरून निघत नाही. पहिल्या डाउनला पळाले, एक यार्ड गेला. दुसऱ्याला पास काढला. क्वार्टरबॅक मॅट रायन चेंडूसकट आडवा, बारा यार्ड मागे. तिसऱ्याला पेनल्टी, आणखी दहा मागे. फील्ड गोलचा टप्पा गेला, चेंडू लाथाडून द्यावा लागला. पेट्रियट्स ३४-२८, ओव्हरटाइममध्ये.

कागदावर याही प्रसंगाचा चौकोन असतो. 'फोर मिनिट' म्हणतात: पुढे असताना घड्याळ खात खेळायचे डाव. त्या चौकोनात न जाता शनहन ज्या लयीत आख्खा मोसम गुण करत आला होता त्याच लयीत राहिला. आदल्या रात्री शांत डोक्याने लिहिलेलं हातात होतं, आणि आयत्या वेळी त्याच्याकडे बघितलं नाही. वॉल्श यालाच तर घाबरत होता.

उलट उदाहरण असाच एक चौकोन: टचडाउननंतर एक गुणाची लाथ मारायची की दोन गुणांचा प्रयत्न करायचा, याचा तक्ता. 'इतक्याने मागे असलात तर दोनसाठी जा' असं त्यात सरळ लिहिलेलं. डिक व्हर्मील १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला युसीएलएमध्ये सहायक होता, तेव्हा त्याने तो केला असं मानतात. बेरीज-वजाबाकी येत नाही म्हणून कोणी तो जवळ ठेवत नाही. त्या गोंगाटात बेरीजही चुकते.


खारे_दाणे (गुरुवार, सकाळी)

जाता जाता माझा आवडता, कारण यात व्हिडिओ खोलीचा विजय आहे.

१२ फेब्रुवारी २०२३, सुपर बोल, कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध फिलाडेल्फिया ईगल्स. टेपमध्ये चीफ्सच्या लोकांना दिसलं की गोलरेषेजवळ रिसीव्हर आतल्या बाजूला पळत निघाला की ईगल्सचे बचावपटू त्याला एकमेकांकडे सोपवायला घाईने सरकतात. त्याच मोसमात जॅक्सनव्हिलने याचा फायदा घेऊन त्यांच्यावर एक टचडाउन केलं होतं. मग चीफ्सचा कोच अँडी रीड याच्या मंडळींनी डाव लिहिला: रिसीव्हर दोन पावलं आत पळेल आणि तसाच उलटा फिरून बाहेर जाईल. नाव 'कॉर्न डॉग'. चौथ्या क्वार्टरमध्ये एकदा उजवीकडे कडेरियस टोनी, एकदा डावीकडे स्काय मूर. दोघांच्या आसपास चिटपाखरूही नव्हतं. ३८-३५. पुढच्या वर्षीच्या सुपर बोलमध्ये ओव्हरटाइमला मिकोल हार्डमनने सामना संपवला तो याच डावाच्या भावाने, नाव 'टॉम अँड जेरी'.

टोनीचं टचडाउन बघताना मी एकटाच सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो, "कोणी तरी रकाना भरलाय!" बायकोला अजून कळलेलं नाही.


शुक्रवारची_आई (गुरुवार, सकाळी)

हे आमच्या कोचला पाठवते. नाव पावभाजी ठेवायला सांगते.


रेघोट्या (पुढचा सोमवार)

अपडेट. काल बाबा वही-पेन घेऊनच बसले. पहिल्या क्वार्टरभर प्रत्येक डावाला रेघ मारून पळाले की फेकला ते लिहीत होते. दुसऱ्या क्वार्टरला म्हणाले, "हे दोन जाडे एका बाजूला उभे राहिले की पळतातच. लागली पैज? हरेल त्याने चहा करायचा."

मी पैज घेतली. दोन टाइट एंड उजवीकडे उभे राहिले, पळण्याचं सोंग झालं, आणि चेंडू बाबांच्या नाकावर टिच्चून चाळीस यार्ड पुढे हवेतून गेला.

बाबांनी वहीत काही तरी लिहिलं, पेन टोपणात घातलं आणि उठून विचारलं, "आलं किसायची ती तुमची किसणी कुठल्या खणात असते?"